वाव्हळे काकांचं दुसरं दार

गेल्या महिन्यात आमच्या 'दैनिक दुधनाकाठ'च्या पहिल्या पानावर काळ्या बॉर्डरची चौकट आली. वर मोठ्या टायपात 'एकनिष्ठ सेवेचा अस्त'. खाली मजकूर असा, की लिंबाजी वाव्हळे यांनी चाळीस वर्षं या वृत्तपत्राची सेवा केली, अखेरच्या श्वासापर्यंत ते 'दुधनाकाठ' परिवारातच होते, आणि त्यांच्या जाण्यानं समस्त परिवारावर दुःखाचा डोंगर कोसळला आहे. ती चौकट मीच टाइप केली. मालक, म्हणजे भैयासाहेब, मागं उभं राहून सांगत गेले आणि मी बोटं चालवली. एकोणीस वर्षं त्या कचेरीत ऑपरेटर आहे, पानं लावते, बोटं चालवायची सवय आहे. पण घरी येऊन भाकरी थापताना असा संताप आला की तव्यावरची करपून काळी झाली तरी मला पत्ता नाही.

अखेरच्या श्वासापर्यंत म्हणे. धडधडीत खोटं आहे. वाव्हळे काका वारायच्या दहा महिने आधीच कचेरीतून बाहेर पडले होते. का पडले ते आमच्या कचेरीतल्या चहावाल्यालासुद्धा माहीत आहे. त्यांच्या आजारपणात मालकांच्या घरातून कुणी त्यांच्या दारात गेलं नाही. आणि 'समस्त' हा शब्द तर त्यांच्या डोक्यात जायचा. जिवंत असते तर स्वतःच्या मरणाच्या बातमीतूनही त्यांनी तो पेन्सिलीनं खोडला असता.

काकांचा एक नियम होता. एका दारावर विचारून आलेली बातमी ते छापत नसत. त्यांच्या मरणाची बातमी मात्र एकाच दारावरून छापली गेली, मालकांच्या. म्हणून हे लिहितेय. आमच्या पेपरात हे येणार नाही, उघड आहे. दुसरीकडं छापून आल्यावर मला नोकरीवर ठेवतील असंही वाटत नाही. नका ठेवू.

काका दिसायला काही खास नव्हते. ठेंगणे, सावळे, पांढरा हाफ शर्ट, खिशाला पेन्सिल, खांद्यावर दस्ती. दस्ती म्हणजे आपल्याकडं रुमाल. उन्हात डोक्याला बांधायची, कचेरीत खुर्ची पुसायची, आणि चिडले की तिची चौपदरी घडी घालायची, मोडायची, परत घालायची. घडी चालू झाली की आम्ही गप्प बसायचो. आवाज मात्र कधी चढायचा नाही. "असं कसं मनता तुमी?" एवढंच म्हणायचे आणि समोरच्याकडं बघत राहायचे. त्या बघण्यानं भलेभले वार्ताहर खरं बोलून मोकळे व्हायचे.

त्यांच्याकडं जिल्ह्याची दोन पानं होती, गावोगावच्या बातम्यांची. आमचा पेपर आठ पानी. जिल्ह्याबाहेर त्याला कुत्रं विचारत नाही. पण सकाळी पिंगळीच्या स्टेशनावर, बोरीच्या हॉटेलात, पेडगावच्या पारावर तोच उघडला जातो. एक जण वाचतो, दहा जण ऐकतात. आणि एकदा का कुणी म्हणालं "पेपरात आलंय", की वाद मिटला. आमच्या मालकांना या गोष्टीचा अभिमान वाटायचा. काकांना तिची धास्ती वाटायची.

प्रत्येक वार्ताहराला काकांनी पिवळ्या चिठ्ठ्यांचं पुस्तक दिलेलं होतं. चिठ्ठीवर दोन ओळी. दार एक. दार दोन. गावची बातमी द्यायची तर गावाच्या दोन टोकांच्या दोन माणसांना विचारायचं आणि त्यांची नावं, फोन नंबर लिहायचे. एक दार पाराकडचं असलं तर दुसरं बौद्धवाड्यातलं पाहिजे, नाहीतर मोहल्ल्यातलं, नाहीतर पार माळावरच्या वस्तीतलं. पूर्वी या चिठ्ठ्या बातमीच्या पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरकडं यायच्या. नंतर मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो यायला लागला. काका दोन्ही नंबरांवर स्वतः फोन लावायचे. "राम राम, जय भीम, सलाम, पेपरातून बोलायलोय," अशी तिन्ही एका दमात सुरुवात, म्हणजे समोर कोण आहे याची भानगडच नको.

वार्ताहर या चिठ्ठीला वैतागलेले. बोरीचा मुंजाजी आमचा सगळ्यांत उत्साही वार्ताहर. गावात कुत्र्यानं पिलं दिली तरी पाठवेल. एकदा त्यानं बातमी पाठवली : समस्त गावकऱ्यांच्या सहकार्यानं गावात घरोघरी नळ. काकांनी फोन लावला. स्पीकरवर होता म्हणून मी ऐकलं.

"मुंजाजी, दार दोन कोरंय."

"काका, चिखल लय झालाय हो पलीकडं. गाडी जायना."

"गाडी जायना तिथं नळ गेलाय का?"

मुंजाजी म्हणाला, "बघून सांगतो." दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. पलीकडच्या अठ्ठावीस घरांत तोट्या बसवल्या होत्या आणि पाइप आलाच नव्हता. ती बातमी मग 'घरोघरी तोट्या, पाण्याचा पत्ता नाही' अशी गेली. महिन्याभरात पाइप आला. मुंजाजी तेव्हापासून चिखलातसुद्धा जायला लागला.

नियम दोन्हीकडून चालायचा, हे सांगायला हवं. नाहीतर लोक म्हणतील वाव्हळे आपल्या माणसांची बाजू घ्यायचे. म्हणायचेही. एकदा एका गावच्या वस्तीतली चार-पाच तरणी पोरं तावातावानं कचेरीत आली. जयंतीच्या मिरवणुकीवर गावातल्यांनी दगड मारले म्हणाली. काकांनी पाणी दिलं, सगळं लिहून घेतलं, आणि विचारलं, "पाराकडचं कोन सांगंल?"

त्यातला एक भडकला. "काका, तुमी आपले असून आपल्यालाच पुरावा मागायलात?"

"तुमी मनायलात मंजे खरं असंल, बाबा. पन छापायला दोन दारं लागतेत. एका दाराची बातमी ते उद्या खोटी मनतील. दोन दारांची मनता येत न्हाई."

आणि स्वतः एसटीनं गेले. पाराजवळच्या एका किराणा दुकानदारानं सांगितलं, होय, दगड आले, माझ्या घराच्या माळवदावरूनच, छतावरूनच आले, पोरं मी ओळखतो. नावासकट छापा म्हणाला. छापलं. दुसऱ्या दिवशी एकही माणूस ती बातमी खोटी म्हणाला नाही. त्या भडकलेल्या पोरानं पुढं काकांकडून चिठ्ठ्यांचं पुस्तक मागून नेलं. आज तो आमचा तिथला वार्ताहर आहे.

हा नियम कुठून आला, हे काकांनी मला एकदाच सांगितलं. दसऱ्याला मशीनची पूजा झाली होती, पेढे वाटून झाले होते, काम नव्हतं. त्यांच्या लहानपणी त्यांच्या गावात विहिरीवर पाणी भरायला त्यांच्या वस्तीला मनाई होती. मग एका वर्षी पेपरात आलं, समस्त गावकऱ्यांनी एकमतानं विहीर सर्वांना खुली केली. मास्तरांनी शाळेत वाचून दाखवलं. काका पळत घरी गेले आणि आईला म्हणाले, आता आपली घागर आपणच भरायची. आई गेली. आणि फुटकी घागर घेऊन परत आली.

"मी तो कागुद ठिवला, ताई," काका म्हणाले. "कॉलेजला परभणीला आलो तवा घिऊन ह्याच कचेरीत आलो. पेपर हाच होता."

तेव्हा भैयासाहेबांचे वडील, अण्णा, बसायचे. पेपर त्यांनीच काढलेला. स्वभावानं तिरसट, पण आतून सरळ माणूस. त्यांनी ते कात्रण वाचलं, काकांकडं बघितलं आणि म्हणाले, "मला सरपंचानं सांगितलं ते मी छापलं. तुझ्या आईला विचारायला पाहिजे होतं. आता तूच विचारत जा." त्या दिवसापासून लिंबाजी वाव्हळे नोकरीला. पिवळी चिठ्ठी काकांची, पण तिला मान दिला अण्णांनी. आणखी एक नियम अण्णांचा होता : चूक जिथं छापली, खुलासा तिथंच छापायचा, तेवढ्याच टायपात.

निधन वार्ताही काकांकडंच होत्या. दुसऱ्या पानावर उजवीकडं. कुणीही मरो, पाच ओळी. फोटो हवा असेल तर जाहिरात द्या, पण निधन वार्तेत सगळे सारखे. आणि क्रम कसा? जो आधी गेला तो वर. काका फोन करून वेळ विचारून घ्यायचे. एकदा एका बड्या जमीनदाराचे चिरंजीव गाडी घेऊन दारात. वडिलांच्या बातमीच्या वर त्यांच्याच शेतात राबलेल्या एका म्हातारीची बातमी होती.

"ही वर कशी?" त्यांनी विचारलं.

"त्या सकाळी सहाला गेल्या. तुमचे वडील दहाला," काका म्हणाले.

वेळेशी कोण भांडणार? चिरंजीव पाय आपटत भैयासाहेबांच्या केबिनमध्ये गेले. भैयासाहेबांनी चहा पाजून पाठवणी केली आणि मग काकांना आत बोलावून झापलं. चारचौघांत 'वाव्हळे काका', आत गेलं की 'वाव्हळे'. ते काचेतून ऐकू यायचं, आणि आम्ही सगळे कीबोर्डवर मान घालायचो.

आता मुद्द्यावर येते. यात माझी चूक आहे, आणि ती मी लपवणार नाही.

काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. चार दिवस नांदेडला. जाताना मला म्हणाले, "ताई, दोन्ही दारांला फोन लावत जा. एक बी चुकवू नका." मी हो म्हणाले. तिसऱ्या दिवशी एका गावाहून बातमी आली. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना तिथंच राहायचं आहे. बातमी अशी, की गावाबाहेरच्या पडीक जागेवर सांस्कृतिक सभागृह होणार असून समस्त गावकऱ्यांनी एकमतानं त्याला संमती दिली आहे. चिठ्ठीचा फोटो सोबत. दार एक : सरपंच. दार दोन : रामकिसन खिल्लारे, बौद्धवाडा. पुढं नंबराच्या जागी लिहिलं होतं, 'फोन नाही'.

मी सरपंचांना फोन लावला. त्यांनी अर्धा तास सभागृहाचं कौतुक सांगितलं. दुसऱ्या दाराला फोन नाही, तर करू काय? भैयासाहेब मागं येऊन उभे राहिले. "लावा हो लवकर, पहिल्या पानाला बातमी नाहीये." सरपंच त्यांच्या मित्राचा माणूस होता, हे मला माहीत होतं. दार दोन भरलेलं आहे ना, मग झालं, असं मी मनाशी म्हणाले. बातमी पहिल्या पानावर गेली.

काका डोळ्याला हिरवी पट्टी लावून परत आले. डॉक्टरांनी वाचू नका म्हणून बजावलेलं. बसल्या बसल्या चार दिवसांचे अंक मागवले आणि दुसऱ्या डोळ्याला अगदी चिकटवून वाचायला लागले. तिसऱ्या अंकाशी थांबले. चिठ्ठी मागितली. तिच्यावरचं नाव बघितलं. मग उठून फाइल काढली, पानं उलटत दोन महिने मागं गेले, आणि ती फाइल माझ्यापुढं ठेवली.

निधन वार्ता. रामकिसन खिल्लारे, वृद्धापकाळानं निधन, पश्चात पत्नी, दोन मुलं, सुना, नातवंडं असा परिवार. पाच ओळी. टाइप मीच केलेल्या.

मेलेल्या माणसाची संमती छापली होती आम्ही. ती छापणाऱ्या बोटांनीच दोन महिन्यांपूर्वी त्याचं मरण छापलं होतं. काकांनी दस्ती काढली, घडी घातली, मोडली. मला वाटलं आता बोलतील. म्हणाले, "ताई, चप्पल घाला. जाऊन येऊ."

एसटीनं गेलो. ती 'पडीक जागा' म्हणजे वस्तीचं स्मशान होतं. बापजाद्यांपासूनचं. कागदावर कुणाच्या नावावर नव्हतं, म्हणून पडीक. त्याच्यावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या होत्या, इथं हॉल, इथं स्टेज. एका रेघेला लागूनच रामकिसन यांना जाळलेली जागा होती, दगड मांडलेले होते. त्यांची बायको चंद्रभागाबाई आम्हाला तिथं घेऊन आली. काठी टेकत, हळू हळू.

"सरपंचाचा मानूस येऊन मनला, पेपरात आलंय, तुमचा मालक हो मनलाय," ती म्हणाली. "मी मनले, माझा मालक तर हितं हाय. त्यानं कवा सांगितलं तुमाला?"

मग माझ्याकडं वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुमी इचारलं का गं त्याला?"

काका म्हणाले, "चूक आमची हाय, माय. पेपरची हाय." 'माझी नाही' असं म्हणायला त्यांना पूर्ण जागा होती. चार दिवस ते दवाखान्यात होते. पण तसं म्हणाले नाहीत.

त्याच दिवशी दुपारी काका केबिनमध्ये गेले. दार उघडंच ठेवलं त्यांनी, मला वाटतं मुद्दाम.

"भैयासाहेब, खुलासा छापायचाय. पहिल्या पानावर. तेवढ्याच टायपात. की आपन मयत मानसाची संमती छापली, आन वस्तीला कुनी इचारलं न्हाई."

"काका, वेडे झालात का? पेपरची अब्रू जाईल."

"ग्रामपंचायतीनं ठरावाला आपलं कात्रन जोडलंय. तालुक्याच्या कचेरीत दाखवायलेत, बगा, समदं गाव राजी. लोकायचं स्मशान जायलंय आपल्या बातमीवर."

"तो गावचा मामला आहे. आपण कशाला मधे पडायचं?"

"आपन पडलोयच की."

भैयासाहेबांनी पेन आपटला. शेवटी म्हणाले, छापतो, सातव्या पानावर तीन ओळी. काकांनी अण्णांचा नियम सांगितला. भैयासाहेब म्हणाले, अण्णा गेले, आता पेपर मी चालवतो. भिंतीवर अण्णांचा हार घातलेला फोटो होता. दर दसऱ्याला याच माणसानं त्या फोटोपुढं उभं राहून 'त्यांच्या मार्गावर चालू' म्हणून भाषण ठोकलेलं आम्ही ऐकलं आहे.

दुसऱ्या दिवशी सातव्या पानावर, बी-बियाण्यांच्या जाहिरातीखाली, तीन ओळी आल्या. 'सभागृहाच्या वृत्तात एका नावात नजरचुकीनं गफलत झाली. बाकी मजकूर कायम.' तेही मीच टाइप केलं. बाकी मजकूर कायम. आजही ते शब्द आठवले की माझ्या डोक्यात तिडीक जाते. म्हणजे नाव चुकलं, पण संमती खरी. नवरा मेला ते खरं, आणि हो म्हणाला तेही खरं.

काकांनी त्या तीन ओळी वाचल्या. टेबलाचा खण रिकामा केला. त्यात होतं काय? पेन्सिलींचे तुकडे, चिठ्ठ्यांची पुस्तकं आणि ते विहिरीचं पिवळं पडलेलं कात्रण. सगळं दस्तीत बांधलं. केबिनच्या दारात जाऊन म्हणाले, "येतो, भैयासाहेब." भैयासाहेब फोनवर होते, त्यांनी हात वर केला. निघताना काका प्रत्येकाच्या टेबलाशी थांबले आणि विचारपूस केली. माझ्याशीही. मी मान वर केली नाही. चाळीस वर्षांची नोकरी संपायला दहा मिनिटं लागली, आणि त्याच दिवशी चारला त्यांच्या खुर्चीवर जाहिरात विभागाचा माणूस बसला.

पुढं तालुक्याच्या कचेरीत सुनावणी लागली. वस्तीनं हरकत घेतली होती. काकांनी चंद्रभागाबाईला शब्द दिला होता, मी येतो. मला फोन केला नाही, पण तारीख मला वस्तीतल्या माणसाकडून कळली. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी गेले. गेले आणि व्हरांड्यातल्या खांबाआड उभी राहिले. मुलगी शिकत होती, घर माझ्या पगारावर चाललेलं. ही सबब मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली आहे की आता तिचीच शिसारी येते.

खिडकीतून सगळं दिसत होतं. काकांनी एका कागदावर दोन कात्रणं शेजारी शेजारी चिकटवून आणली होती. डावीकडं रामकिसन यांचं मरण, उजवीकडं त्यांची संमती. सुनावणी घेणाऱ्या साहेबांपुढं कागद ठेवला. "मी ह्या पेपरात चाळीस वर्सं होतो. ही बातमी खोटी हाय, साहेब. दार दोनचा मानूस बातमीच्या आधीच वारलेला."

सरपंचांचा वकील हसला. "साहेब, हा काढून टाकलेला नोकर आहे. मालकावरच्या रागानं बोलतोय. पेपरनं स्वतःच छापलंय, बाकी मजकूर कायम."

काढून टाकलेला. चाळीस वर्षांनंतर हे ऐकायचं होतं त्या माणसाला. साहेब वाईट नव्हते. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "ही बातमी त्या दिवशी कुणी लावली? पेपरातलं आणखी कुणी तुमच्या म्हणण्याला दुजोरा देईल का?"

काकांनी खिडकीकडं बघितलं. मी तिथं आहे हे त्यांना ठाऊक होतं. एका डोळ्यानं कमी दिसायचं, पण इतकं कमी नाही. माझं नाव त्यांच्या ओठांवर होतं आणि ते घेतलं असतं तर शिपाई मला आत घेऊन गेला असता, चुटकीसरशी काम झालं असतं. त्यांनी दस्तीची घडी घातली आणि म्हणाले, "आज मी एकलाच हाय, साहेब."

साहेबांनी सभागृहाचं काम तूर्त थांबवून पुढची तारीख दिली. ती तारीख मग तीनदा पुढं गेली, आणि मधल्या काळात काकांचं हृदय थांबलं. आजारी होते तेव्हा मी एकदा जाऊन आले. फार बोलवत नव्हतं त्यांना. मी रडले तर म्हणाले, चहा घेऊन जा. पण माझ्या डोळ्यांपुढं राहिलेत ते सुनावणीच्या दिवशी तालुक्याच्या कचेरीच्या पायरीवरचे काका.

बाहेर आले, खांबाशी थांबले. मला वाटलं, आता तरी एक कडू शब्द बोलतील. मी त्याला तयार होते, खरं तर मला तो हवा होता. त्यांनी खिशातून पिवळी चिठ्ठी काढली. दार एक, पुढं त्यांच्या अक्षरात लिंबाजी वाव्हळे आणि फोन नंबर. दार दोन कोरं. माझ्या हातात दिली.

"घाई न्हाई, ताई. लेकराचं बगा आधी. पन कोरं ठिवू नका."

मग दस्ती डोक्याला बांधली आणि स्टँडकडं चालायला लागले. कोपऱ्यावरच्या दुकानात थांबून त्यांनी त्या दिवशीचा 'दुधनाकाठ' विकत घेतला. चाळीस वर्षं फुकट मिळालेला पेपर. उभ्या उभ्या दुसरं पान उघडलं आणि बऱ्या डोळ्याला चिकटवून वाचायला लागले, आज कोण कोण गेलं ते. बस आली. कंडक्टरनं "चला काका" म्हणून हाक मारली. पान न मिटताच चढले.

आता सोमवारी तारीख आहे. फक्कीच्या रेघा पावसात धुऊन गेल्यात, पण काम थांबलेलं आहे, रद्द झालेलं नाही. चंद्रभागाबाई अजून आहे. काल तिला निरोप पाठवला, मी आत येणार आहे. आणि हे लिहायला बसण्याआधी ती चिठ्ठी काढून भरली. दार दोन : शोभा, ऑपरेटर, दैनिक दुधनाकाठ. बातमी मी लावली होती, दुसऱ्या दाराला कुणीही विचारलं नव्हतं. फोन आहे. लावून बघा, मी उचलीन.